निशाणी नांगर : लेख कोणाचे व वाचणारे कोण

भांडुप व मुलुंड यांच्या दरम्यान लोहमार्गावर नाहूर या नांवाचें स्थानक २००६ सालीं झालें. गाडींतून जाणाऱ्या बहुतेकांस हें नांव स्थानकाइतकेंच नवें वाटतें. वस्तुतः तें एक हजार वर्षांचें जुनें आहे. भांडुपजवळ एकोणिसाव्या शतकांत जो शिलाहार ताम्रपट सांपडला व ज्याचें वाचन ब्यूलर यांनीं १८७६ सालीं ‘इंडियन अँटिक्वेरी’च्या पांचव्या खंडांत प्रसिद्ध केलें, त्यांत महामंडलेश्वर छित्तराजानें शके ९४८ (इ. स. १०२६) मध्यें षट्षष्टि विषयांतील ‘नोउर’ गांवचें एक शेत एका ब्राह्मणास दान दिल्याचें नमूद आहे. षट्षष्टि म्हणजे साष्टी हें उघडच आहे. नोउर म्हणजे नाहूर असें आम्ही समजतों. गांव भांडुपच्या उत्तरेस आहे व नांवाचा ध्वनिही जुळतो. शेताच्या सीमा सांगतांना गोंवणी व गोरपवली या गांवांचा आणि पश्चिमेकडील राजपथाचा उल्लेख येतो. हा राजपथ मुंबईहून ठाण्यास जाणाऱ्या रस्त्याच्याच रेषेंत असावा असें ठाणें ग्याझेटिअरच्या कर्त्यांनीं सुचविलें आहे, व ज्यानें तो प्रदेश पायीं पाहिला आहे त्यास हें पटण्यास अडचण पडूं नये.

हा ताम्रपट आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. त्यांतील वंशावळ, बिरुदें व अधिकारी यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस येथें निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे. हा लेख नोउरांत कोणास वाचतां येत होता? लेख ज्यांच्याविषयीं असतो त्यांपैकीं किती जणांस तो वाचतां येतो, यावर समाज जाणता कीं अजाण हें ठरतें, असें आमचें मत आहे. आणि या दृष्टीनें पाहिलें असतां आपल्या संग्रहांतील जुने कागद राजकारणाहून वेगळीही एक हकीकत सांगूं लागतात.

ताम्रपट संस्कृतांत आहे. अशा शासनपत्रांत राजा भावी राजांस, मंत्र्यांस, पुरोहितांस, तसेंच राष्ट्रपति, विषयपति, नगरपति व ग्रामपति या अधिकाऱ्यांस उद्देशून बोलतो. शेत कसणारा माणूस या संबोधनांत शोधावयाचा तर ‘जनपद’ या एका शब्दाच्या पोटांत शोधावा लागतो. त्याला लेख वाचतां येण्याची अपेक्षाच नव्हती. कोणीतरी सीमा फिरून दाखवावी, अमक्या झाडापासून तमक्या वाटेपर्यंत असें सांगावें, आणि त्यानें तें ध्यानीं धरावें, एवढाच त्याचा लेखाशीं संबंध. शिलाहारांच्या कित्येक ताम्रपटांच्या अखेरीस आणखी एक विधान येतें तें या बाबतींत फार बोलकें आहे. लेखांत एखादें अक्षर कमी पडलें असो वा अधिक पडलें असो, तें सर्व प्रमाणच मानावें, असा त्याचा आशय. लेखकास व कोरणाऱ्यास आपल्या हातून चुका होतात हें ठाऊक होतें. परंतु चूक सुधारण्यापेक्षां तिला प्रमाण करून टाकणें जेथें सोयीचें वाटतें, तेथें वाचून चूक दाखविणारे फार थोडे असले पाहिजेत, हेंही यावरून दिसतें.

न वाचणाऱ्यांसाठीं दुसरी योजना होती. कोंकणांत व साष्टींत जागोजाग आढळणारी गधेगाळ ही ती योजना होय. वर चंद्रसूर्य, कोठें मंगलकलश, मध्यें लेख, आणि खालीं गर्दभ व स्त्री यांचें शिल्प. हें दान जो मोडील त्याच्या आईची अशी गत होईल, हा त्याचा अर्थ. ज्यास अक्षर येत नाहीं त्यानेंही चित्र पाहून दूर राहावें असा हेतु. परळ येथें सांपडलेल्या अपरादित्याच्या ११८७ च्या शिलालेखांत हा हेतु भाषेंतही उतरला आहे. त्या लेखांत षट्षष्टींतील महावली गांवच्या एका वाडीच्या उत्पन्नांतून २४ द्रम्म वैद्यनाथाच्या पूजेस लावून दिले आहेत. दानाचा सर्व भाग संस्कृत आहे; शेवटचा शाप तेवढा मराठी आहे. हक्क पंडितांच्या भाषेंत व धमकी लोकांच्या भाषेंत, अशी ही वांटणी आहे. मराठीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून आम्ही या ओळी अभिमानानें दाखवितों तें ठीकच. पण मराठी माणसास त्याच्या भाषेंत प्रथम काय वाचून दाखविण्यांत आलें तेंही विसरूं नये. शापाचा सर्व भार बाईवर पडतो, आणि ती बाई तर लेखणीपासून सर्वांहून दूर होती, हा विचार येथें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

अशा शिळा आज अनेक ठिकाणीं शेंदूर फांसून देव म्हणून पुजल्या जातात, किंवा अशुभ म्हणून कोपऱ्यांत टाकल्या जातात. दोन्हीं रीतींनीं त्यांवरील अक्षरें जातात. लेख वाचला न गेल्यानें त्याचें काय होतें याचा हा प्रत्यक्ष दाखला आहे.

आतां ताम्रपट सोडून कागदाकडे वळूं. शिवकालीन व पेशवेकालीन महजर ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस त्यांच्या तळाची रचना ठाऊक आहे. वतनाचा अगर शिवेचा तंटा गोतापुढें येई. पाटील, कुळकर्णी, शेटे, चौगुले, बलुतेदार चावडीवर अगर देवळांत बसत. दोहों पक्षांच्या तकरिरा होत. निवाडा लिहून सर्वांस वाचून दाखवीत. मग खालीं गोही घालीत. ज्यांस लिहितां येई ते हस्ताक्षर करीत. ज्यांस येत नसे त्यांच्या नांवापुढें त्यांच्या धंद्याचें चित्र काढीत. पाटलाची व कुणब्याची निशाणी नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा, महाराचा विळा किंवा दोर, शिंप्याची कात्री. कांहीं कागदांवर चित्र काढण्याऐवजीं ‘निशाणी नांगर’ एवढेंच लिहिलेलें असतें. त्या वेळीं नांगरही कुळकर्ण्याच्याच हातचा असे!

या निशाण्यांकडे पाहून जुन्या गांवांतील माणसें अजाण होतीं असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. त्या सभेंतील नांगराच्या धन्यास गांवची शींव, कोणाच्या आज्यानें कोणाचें शेत केव्हां घेतलें, कोणत्या वर्षीं दुष्काळ पडला, हें सर्व तोंडपाठ असे. खोटें बोलणाऱ्यास दिव्य करावें लागे आणि सर्व गोत समक्ष असे. लेख हा त्या स्मरणाचा सारांश होता, आणि त्यांत लबाडी झालीच तर दहा तोंडें बोलावयास असत. त्र्यंबक नारायण आत्रे यांचें ‘गांवगाडा’ हें १९१५ चें पुस्तक ज्यांनीं वाचलें आहे त्यांस या व्यवस्थेचे गुण व दोष दोन्ही माहीत आहेत. निरक्षर मनुष्य त्या व्यवस्थेंत दुर्बळ होता, पण एकटा नव्हता.

तो एकटा पडला तो पुढें. १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या कायद्यांनीं न्यायाचें स्थान चावडीवरून अदालतींत गेलें. अदालतींत गोताच्या आठवणीपेक्षां कागद मोठा. १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशन बसलें तेव्हां ज्याच्याजवळ सनद होती त्याचें चाललें. ज्याची सनद वाळवीनें खाल्ली त्याचें इनाम धोक्यांत आलें. परंतु या फरकाची खरी झळ इनामदारांहून कुणब्यांस अधिक बसली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जरोख्यावर दावा आणण्याची मुदत तीन वर्षें ठेविली. धनकोनें जुनें देणें वर्षानुवर्षें लोंबत ठेवूं नये, ऋणकोस त्यापासून संरक्षण मिळावें, हा उद्देश. झालें उलटें. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार कुळास बोलावी, व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेई, आणि खालीं कुणब्याची निशाणी होई. किती आंकडा लिहिला, मागची फेड वजा केली कीं नाहीं, हें त्यास कळण्याचा मार्ग नव्हता. ज्यास वाचतां येतें त्यास हा कायदा ढाल झाला असता. ज्यास येत नव्हतें त्याच्यावर तोच कायदा दर तीन वर्षांनीं उलटला. साक्षरतेवांचून चांगला कायदा कसा वायां जातो याचें याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

याचा शेवट १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथील बाजारांत झाला. पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत कुणब्यांनीं सावकारांस जिवें मारण्याचा उद्योग केला नाहीं. त्यांनीं खतें मागितलीं, आणि मिळालीं तीं जाळलीं. चौकशीसाठीं बसलेल्या कमिशनापुढें रक्कम एक सांगून दुसरी लिहिणें, फेडीची पावती न देणें, असे प्रकार आले. ज्यास कागद वाचतां येत नाहीं त्यास त्याच्याशीं वागण्याचे दोनच मार्ग उरतात, मानणें किंवा जाळणें. संग्राहकाच्या मनास त्या होळ्यांची कल्पना दुःख देते. परंतु त्या कागदांची किंमत जाळणाऱ्यांस आमच्याहून अधिक ठाऊक होती.

सरकारनें त्यावर जो उपाय केला तो अभ्यासण्यासारखा आहे. १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत असें ठरविलें कीं शेतकऱ्याचा दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारानें स्वतः अगर आपल्या देखरेखीखालीं लिहविला व साक्षांकित केला तरच तो ग्राह्य. धनकोनें पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, असेंही बंधन घातलें. म्हणजे काय केलें? कुणब्यास वाचतां येत नाहीं, तर त्याच्यासाठीं वाचणारा एक पगारी मनुष्य नेमला. तात्पुरता इलाज म्हणून तो वाईट नव्हता. पण हिशेबाचा उतारा हातीं आल्यावर तो घेऊन कुणबी जाणार कोणाकडे? पुन्हां ज्यास वाचतां येतें त्याच्याच दारीं.

हें वर्म जोतीराव फुले यांनीं ओळखलें होतें. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. त्यांत लेखणीवाल्यांच्या हातीं शेतकरी कसा नागवला जातो याचें वर्णन आहे. परंतु आमच्या विषयास त्याहून जवळची आहे ती १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें त्यांनीं दिलेली कैफियत. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें ही त्यांतील मागणी प्रसिद्ध आहे. अभ्यासक्रमाचा तपशील मात्र फारसा कोणी पाहत नाहीं. वाचन व लेखन बालबोध आणि मोडी या दोन्ही लिपींत असावें, हिशेब यावा, शेतकीची व आरोग्याची थोडी माहिती असावी, असें त्यांनीं मागितलें. येथें मोडीचा उल्लेख सहज आलेला नाहीं. पोथी व छापील पुस्तक बालबोधांत असे. खत, पावती, फेरफार, फैसला मोडींत. ज्यास केवळ बालबोध येतें तो पुराण वाचील, पण स्वतःचें कर्ज वाचूं शकणार नाहीं. कुणब्याच्या मुलास त्याच्यावर चालणाऱ्या कागदाची लिपि शिकवा, असा त्या मागणीचा अर्थ आहे. साक्षरता म्हणजे नुसती अक्षरओळख नव्हे, आपल्याविषयीं जें लिहिलें जातें तें वाचण्याची शक्ति होय, हें इतक्या व्यवहारी शब्दांत त्या काळीं दुसऱ्या कोणीं मांडल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

आरंभ कोठून झाला हेंही पाहावें. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत देशी शाळांची जी चौकशी सुरू झाली तिचे कागद रा. वि. परुळेकर यांनीं संपादून प्रसिद्ध केले. १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यांत सुमारें ४७ लक्ष वस्तींत १,७०५ शाळा व सुमारें ३५ हजार विद्यार्थी नोंदलेले आढळतात. म्हणजे शेंकडा एकाहूनही कमी. घरच्या घरीं शिकणारे यांत धरलेले नाहींत, व त्यांची संख्या बरीच होती, हा परुळेकरांचा मुद्दा न्याय्य आहे. पंतोजीच्या शाळेंत धुळाक्षरें, मोडी, उजळणी, पावकी-निमकी चाले व तें शिक्षण व्यवहारास पुरेसें असे. पण त्यांत बसणारीं मुलें बहुधा ज्यांच्या घरीं आधींच लेखणी होती त्यांचीं. मुलींची गोष्टच नको. त्यांच्यासाठीं पुण्यास फुले दांपत्याची शाळा निघण्यास १८४८ साल उजाडावें लागलें. सक्तीच्या शिक्षणास बडोद्यानें १९०६ सालीं सर्व राज्यभर हात घातला; गोखल्यांचें १९११ चें बिल वरिष्ठ कौन्सिलांत फेंटाळलें गेलें; कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं सक्तीचें व मोफत शिक्षण सुरू केलें. या इतिहासावर स्वतंत्र ग्रंथ आहेत.

१९०१ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांत शेंकडा सुमारें ५ माणसें साक्षर भरलीं. २०११ च्या गणनेंत, सात वर्षांखालील मुलें वगळून, मुंबई उपनगर जिल्ह्यांत, म्हणजे ज्यांत नाहूर येतें त्या जिल्ह्यांत, हें प्रमाण शेंकडा सुमारें ९० भरलें. छित्तराजाच्या नोउराशीं तुलना करतां ही केवढी मजल आहे! कोणतीही भाषा समजून लिहितां-वाचतां येणें ही गणनेची व्याख्या आहे. आणि ती व्याख्या पुरी करणाऱ्या माणसांपुढें आज एक चमत्कारिक अडचण उभी आहे. मोडी लिपि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून गेली. तिच्याबरोबर त्यांच्या आजापणजांचे सर्व व्यवहार त्यांस अवाच्य झाले. घरांत ट्रंकेच्या तळाशीं असलेलें खरेदीखत कीं गहाणखत, हें पदवीधर नातवास सांगतां येत नाहीं. या एका कागदापुरता तो पुन्हां ‘निशाणी नांगर’ झाला आहे.

हा केवळ हौशी लोकांचा प्रश्न नाहीं. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमून जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदी शोधण्याचें काम सुरू केलें. मागणीच्या बऱ्यावाईटाविषयीं येथें आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. परंतु त्या वेळीं जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांचा जो तुटवडा दिसून आला तो विचार करण्यासारखा आहे. लक्षावधि कुटुंबांचे हक्क ज्या नोंदींवर ठरावयाचे त्या नोंदी दप्तरांत होत्या, दप्तरें उघडीं होतीं, माहिती मागण्याचा हक्क २००५ च्या कायद्यानें सर्वांस मिळालेला होता. आणि तरीही त्या माहितीच्या दारावर मूठभर जाणकार बसले होते. त्यांनीं वाचलें तें खरें मानणें किंवा न मानणें, यापलीकडे अर्जदाराच्या हातीं कांहीं नव्हतें. १८७९ च्या गांव-रजिस्ट्रारापेक्षां ही स्थिति किती निराळी?

येथें आम्हां संग्राहकांवर व संशोधकांवर एक जबाबदारी येते असें आम्हांस वाटतें. कागद मिळविणें, रद्दींतून सोडविणें, छापणें हें काम राजवाड्यांच्या १८९८ च्या पहिल्या खंडापासून निष्ठेनें चाललें आहे. परंतु पुष्कळदां आम्ही कागद नेतों, बालबोधांत उतरतों, आणि ज्याच्या घरचा कागद त्यास त्यांत काय आहे हें धड सांगतही नाहीं. कागद ज्यानें दिला त्यास निदान त्याचें बालबोध प्रतिलेखन व चालू मराठींत अर्थ लिहून द्यावा. त्याच्या घरांतील एखाद्या मुलास वा मुलीस मोडीची बाराखडी शिकवावी. हुशार मूल महिन्या-दोन महिन्यांत साधें खत वाचूं लागतें, असा मोडी शिकविणाऱ्यांचा अनुभव आहे. राज्याच्या पुराभिलेखागाराकडून व कांहीं संशोधन मंडळांकडून मोडीचे वर्ग चालतात. पण ते शहरांतील जिज्ञासूंपुरते राहतात. जेथें कागद आहेत त्या गांवठाणांत, साष्टींतील आगरी-कोळी वस्त्यांत, देवळाच्या ओसरीवर असा वर्ग भरला तर त्याचा उपयोग दसपट होईल. कागद विकून टाकण्याचा किंवा गंगेस सोडण्याचा मोहही त्यामुळें कमी होईल. कारण जें वाचतां येतें तें सहसा कोणी फेंकीत नाहीं.

दुसरी सूचना छपाईसंबंधीं आहे. महजर छापतांना गोहीची यादी संक्षिप्त करण्याची, किंवा निशाण्यांच्या जागीं नुसतें ‘निशाणी’ असें छापण्याची चाल पडली आहे. जागा वांचते हें खरें. परंतु कोणत्या गांवीं कोणत्या सालीं किती जणांनीं हस्ताक्षर केलें व कितींनीं निशाणी केली, हीच त्या काळच्या साक्षरतेची एकमेव खानेसुमारी आहे, आणि ती आपण छापतांना गाळून टाकतों. ज्यांच्या संग्रहीं महजर, मिरासपत्रें, कर्जरोखे अगर वाटणीपत्रें असतील त्यांनीं प्रत्येक कागदाचें साल, गांव व परगणा, हस्ताक्षरें किती, निशाण्या किती व कोणत्या, चित्र काढलेलें आहे कीं शब्दांत लिहिलेलें, आणि लेखकाचें नांव, एवढें टिपून ठेवावें. बायकांची निशाणी कोठें आढळल्यास ती अवश्य नोंदावी. वाटणीपत्रांत व दत्तकपत्रांत ती असण्याचा संभव अधिक. साष्टी, वसई व कल्याण या भागांतील टिपणें प्रथम आलीं तर आम्हांस तीं एकत्र लावून पाहतां येतील.